दिनविशेष : २४ सप्टेंबर १७८९
अमेरिकेत जिल्हा न्यायालयांची पायाभरणी

अमेरिकेच्या राज्यघटनेने सर्वोच्च न्यायालय नक्की केले. कनिष्ठ न्यायालये हवीत की नकोत, हे मात्र काँग्रेसवर सोडले. राज्यांची स्वतःची न्यायालये असताना केंद्राची वेगळी कशाला, असा अनेकांचा सवाल होता. सिनेटर ऑलिव्हर एल्सवर्थ यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या न्यायव्यवस्था कायद्याने त्यावर तोडगा काढला. अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्यावर १७८९ मध्ये आजच्याच दिवशी सही केली.

या कायद्याने देशात १३ जिल्हे आखले आणि प्रत्येकाला एकेक न्यायाधीश दिला. सागरी व्यापाराचे दावे, जप्तीची प्रकरणे आणि किरकोळ गुन्हे त्यांच्याकडे सोपवले. किरकोळ म्हणजे जास्तीत जास्त ३० फटके, १०० डॉलर दंड किंवा ६ महिने कैद होईल असे गुन्हे! वरच्या सर्किट न्यायालयांना मात्र स्वतंत्र न्यायाधीशच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच गावोगाव फिरून तिथे बसावे लागे.

सही झाली त्याच दिवशी वॉशिंग्टन यांनी न्यायाधीशांची नावे सिनेटकडे धाडली. २६ तारखेला मंजुरीही मिळाली. पण सगळेच राजी नव्हते. व्हर्जिनियाच्या एडमंड पेंडलटन यांनी पद नाकारले. न्यूयॉर्कचे महापौर जेम्स ड्युएन यांनी ते स्वीकारले आणि ३ नोव्हेंबरला त्यांचे न्यायालय सुरू झाले, सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या बैठकीच्या तीन महिने आधी. आज अमेरिकेत असे ९४ न्यायिक जिल्हे आहेत.