मनोती ते प्रोसेसिंग फी

पुणे जिल्ह्यातलं सुपे हे बाजाराचं गाव. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी तिथे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी आधी वह्या आणि कर्जरोखे मागितले. जे हाती लागले ते जाळले, धान्याची दुकानं लुटली, काही ठिकाणी सावकारांची घरंही पेटवली. पुण्याबरोबर नगर जिल्ह्यातही हे लोण पसरलं आणि ९५१ जणांना अटक झाली. 'दख्खनचे दंगे' म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावात माणसांवर हात क्वचितच उचलला गेला. शेतकऱ्यांचा सगळा राग होता तो कागदावर.

त्याला कारणही तसंच होतं. खतात लिहिलेली रक्कम आणि कर्जदाराच्या हातात पडलेली रक्कम यांचा मेळ अनेकदा बसतच नसे.

या तफावतीचं एक जुनं, रुळलेलं रूप म्हणजे मनोती. मनोती म्हणजे व्याजाखेरीज कर्जावर घेतला जाणारा बट्टा, आणि तो कर्ज देतानाच कापून घेतला जाई. पेशवाईत खुद्द सरकारलाही सावकारांकडून कर्ज उचलताना मनोती मोजावी लागे, तिथे कुणब्याची काय कथा? समजा खत शंभर रुपयांचं, व्याज सालीना २४ टक्के आणि मनोती दहा रुपये. घरी यायचे नव्वद, वर्षाने फेडायचे एकशे चोवीस. म्हणजे बोलताना २४ टक्के असलेला दर प्रत्यक्षात ३८ टक्क्यांच्या जवळ जातो. कर्जाची मुदत जितकी कमी, तितकी ही आधीची कापणी महाग पडते. पेरणीपुरते किंवा सणापुरते पैसे उचलणाऱ्याला तिचा फटका म्हणूनच सर्वांत जास्त बसे.

त्यात १८५९च्या मुदतीच्या कायद्याने आणखी एक पेच आणला. रोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. हेतू होता थकलेलं व्याज साचत राहू नये हा. घडलं ते उलटंच. मुदत संपत आली की सावकार नवं खत लिहून घेई, मागचं थकलेलं व्याज मुद्दलात मिळवी आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू करी. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने नोंदवलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारलेलं होतं. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, हा दामदुपटीचा जुना दंडक अशा नव्या खतांपुढे लंगडा पडे. दिवाणी न्यायालय कागद बघे, सही किंवा अंगठा बघे आणि हुकूमनामा देई.

१८७९च्या 'दख्खन शेतकरी साहाय्य कायद्या'ने नेमका हा पायंडा मोडला. न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता पहिल्या देवघेवीपासूनचा हिशेब तपासावा, असं त्यात ठरलं. शेतकऱ्यांचे रोखे गावच्या निबंधकापुढे लिहिले जावेत आणि मोबदला किती, हे त्यात पूर्ण नमूद व्हावं, अशीही तरतूद झाली. कर्ज म्हणजे हातात खरोखर काय आलं ते, हा विचार इथे कायद्याच्या भाषेत उतरला.

शहरात मात्र हा कायदा कामाचा नव्हता. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या कामगाराला पगार हाती पडेपर्यंत उसनवारीवर दिवस काढावे लागत. वाणी होता, मुकादम होता, दारात उभा राहणारा पठाण होता. रुपयाला महिना एक आणा हा तेव्हाचा सर्रास दर. ऐकायला किरकोळ, पण वर्षाचा हिशेब मांडला तर ७५ टक्के!

विलायतेतही कर्ज देण्याआधी 'चौकशी फी' उकळून पसार होणाऱ्या कर्जकचेऱ्या एकोणिसाव्या शतकात कुप्रसिद्ध होत्या. कर्जाच्या वाटाघाटींपोटी सावकाराने कर्जदाराकडून कसलाही खर्च घेणं ब्रिटनच्या १९२७च्या सावकारी कायद्याने बेकायदा ठरवलं. मुंबई प्रांताचा सावकारी कायदा १९४६चा. परवाना, हिशेबाच्या वह्या, कर्जदाराला द्यायचा उतारा यांबरोबरच कर्ज देताना वरखर्च उकळण्यावर त्यानेही बंदी घातली. तारण मालमत्तेची तपासणी, मुद्रांक, नोंदणी असे वाजवी खर्च तेवढे वगळले. महाराष्ट्राच्या २०१४च्या कायद्यातही हीच दिशा कायम आहे.

पुढे कर्ज मोबाइलवर आलं. २०२०च्या टाळेबंदीत पगार थांबलेल्या लोकांनी झटपट कर्ज देणारी ॲप डाउनलोड केली. पाच हजारांचं कर्ज मंजूर, दीड हजार प्रोसेसिंग फी आधीच वजा, सात दिवसांनी पाच हजार परत, अशा धाटणीचे हे व्यवहार. मनोतीच ती, फक्त वर्षाची मुदत आठवड्यावर आलेली. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाला २०२१च्या सुरुवातीला कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप आढळली, त्यांतली ६०० बेकायदा होती. सप्टेंबर २०२२मध्ये बँकेने नियम घातले. कर्ज थेट कर्जदाराच्या खात्यात जमा व्हावं, मधल्या ॲपवाल्याचं शुल्क कर्ज देणाऱ्या संस्थेनेच भरावं आणि सगळा आकार वार्षिक दरात मोजून 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये आधी दाखवावा.

पण सध्याचा भामटा या सगळ्याच्या पलीकडे गेला आहे. सुप्याचा सावकार निदान नव्वद रुपये देत तरी होता. हा फक्त कापणी ठेवतो आणि कर्ज गाळून टाकतो. मुद्रा योजनेच्या नावाने फिरणारं एक मंजुरीपत्र असंच होतं. दहा लाखांच्या कर्जासाठी आधी ४,५०० रुपये पडताळणी आणि प्रक्रिया शुल्क भरा, असं त्यात म्हटलेलं. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेक विभागाने ते बनावट असल्याचं जाहीर केलं. अशा पत्रावर राजमुद्रा असते, शिक्का असतो. पहिली रक्कम भरली की जीएसटी येतो, मग विमा, मग 'परत मिळणारी' अनामत. अडलेला माणूस आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून पुढचे भरत जातो.

बँकाही प्रक्रिया शुल्क घेतात, हे खरं. पण ते लेखी असतं, दरात धरलेलं असतं आणि छोट्या वैयक्तिक कर्जात बहुधा मंजूर रकमेतूनच वजा होतं. अनोळखी माणसाच्या यूपीआयवर ते पाठवावं लागत नाही. तेव्हा कर्ज खात्यात येण्याआधी कुणी असे पैसे मागितले, तर व्यवहार तिथेच थांबवावा आणि संस्था नोंदणीकृत आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघावं. पैसे गेलेच असतील, तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.