मधमाशीच्या नृत्यातील चूक

उत्तरेकडे डोके करून निजू नये, असे आपल्या घरातील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. कारण विचारले, की हल्ली पृथ्वीच्या चुंबकत्वाचा हवाला देण्यात येतो. चुंबक आणि सजीव यांची नावे एकत्र आली, की एका पक्षाला सारेच खरे वाटू लागते आणि दुसऱ्याला सारेच थोतांड. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहो, ती दोन्ही पक्षांनी ऐकण्याजोगी आहे.

थोतांड म्हणणाऱ्यांच्या संशयाला जुना आधार आहे. अठराव्या शतकात मेस्मर नावाचा व्हिएन्नाचा वैद्य 'प्राणिज चुंबकत्वा'ने रोग बरे करण्याबद्दल पॅरिसमध्ये गाजत होता. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशीसाठी मंडळ नेमले. बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिये हे त्याचे सभासद होते. रोग्याला नकळत प्रयोग केला तर परिणाम दिसेना, आणि प्रयोग न करताच केला असे भासविले तर परिणाम दिसे! हा सारा कल्पनेचा खेळ आहे, असा निर्णय मंडळाने दिला. त्यानंतर हा विषय काहीसा बदनामच झाला.

त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्यात कार्ल फॉन फ्रिश यांच्या परंपरेचा मोठा वाटा आहे. म्यूनिकचे हे प्राणिशास्त्रज्ञ मातुल घराण्याकडून अंशतः ज्यू वंशाचे. एवढ्या अपराधासाठी नाझी राजवटीने १९४१ साली त्यांना प्राध्यापकपदावरून काढण्याचे ठरविले. परंतु त्याच सुमारास नोसेमा नावाच्या रोगाने जर्मनीतील मधमाश्या मरू लागल्या, आणि मधमाश्या गेल्या तर फळाफुलांचे परागण कोण करणार, ही चिंता सरकारला पडली. बडतर्फी युद्धानंतरपर्यंत पुढे ढकलली गेली. ज्यांचा अभ्यास करण्यात जन्म घालविला, त्या माश्यांनीच जणू त्यांना तारले!

युद्धाच्या त्या अखेरच्या वर्षांत त्यांना मधमाशीच्या नृत्याची भाषा उलगडली. मध आढळलेली माशी पोळ्यावर परतते आणि पोट हलवीत सरळ रेषेत धावते, वळसा घेऊन पुन्हा तेच करते. पोळे उभे आणि आत अंधार. तेथे सूर्य कोठून दिसणार? म्हणून ती 'वर' या दिशेलाच सूर्य मानते. फुले सूर्याच्या डावीकडे ४० अंशांवर असतील, तर उभ्या रेषेच्या डावीकडे ४० अंशांत ती धावते. या संशोधनाबद्दल त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

तथापि, हिशेबात एक बारीक खोट राहिली होती. माशीने दाखविलेला कोन आणि खरा कोन ताडून पाहता काही अंशांचा फरक पडे, आणि तो दिवसाच्या वेळेनुसार ठराविक रीतीने बदले. एवढासा जीव, चुकला असेल, असे म्हणून कोणीही पुढे गेला असता. फॉन फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर गेले नाहीत. हे गृहस्थ रशियाच्या आघाडीवर जखमी झालेले सैनिक. डॉक्टरांनी सुचविले म्हणून ते फॉन फ्रिश यांच्या व्याख्यानाला जाऊन बसले आणि तेथेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. (व्याख्यानांचा असाही उपयोग होतो, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे!)

लिंडाउअर व हेर्मान मार्टिन यांनी मधपेटीभोवती तारेची वेटोळी बसविली आणि त्यांतून विजेचा प्रवाह असा सोडला, की पृथ्वीचे चुंबकक्षेत्र आत जवळजवळ शून्य व्हावे. हे क्षेत्र मुळातच साधारण अर्धा गॉस. घरातील साध्या चुंबकापुढे किती तरी दुबळे. पण ते नाहीसे होताच माशीची चूकही नाहीशी झाली! १९६८ साली हे प्रसिद्ध झाले. ज्याला आपण चूक म्हणत होतो, ती पृथ्वीने माशीच्या नृत्यावर केलेली खूण होती. पुढे त्यांना असेही आढळले, की गोल रिकाम्या पेटीत ठेवलेला थवा नवे पोळे जुन्या पोळ्याच्याच दिशेत बांधतो. १९७८ साली अमेरिकेत गूल्ड, कर्शविंक व डेफेज यांना माशीच्या पोटात चुंबकीय द्रव्य सापडले.

परिणाम केवळ वागणुकीवर होतो, असेही नव्हे. आपल्याकडील भातशेतकऱ्यांना तपकिरी तुडतुड्यांची ओळख करून द्यावयास नको. चीनमधील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे किडे जवळजवळ शून्य चुंबकक्षेत्रात वाढविले. तेव्हा पिलांची वाढ लांबली आणि माद्यांची वीण घटली.

मग सारेच खरे मानावे काय? येथेच सावध राहावयास हवे. फळमाशीला निळ्या प्रकाशात चुंबकत्व कळते आणि ते क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनामुळे, असे २००८ साली जाहीर झाले, व त्याची मोठी वाहवा झाली. दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग ९७,६५८ माश्यांवर करून पाहिला आणि २०२३ साली कळविले, की आम्हांस परिणाम काहीच दिसला नाही. हा वाद मिटलेला नाही. एकाने प्रामाणिकपणे सांगितलेले दुसऱ्याने तितक्याच प्रामाणिकपणे तपासावे, यात कोणाचा अपमान नाही.

तेव्हा मधमाशीला चुंबकत्व कळते, एवढ्यावरून आपल्या अंथरुणाचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी माणसांवरच प्रयोग व्हावयास हवेत, आणि तेही फ्रँकलिनच्या मंडळाप्रमाणे, निजणाऱ्याला उत्तर कोणती हे कळू न देता. तोवर वडिलांचा शब्द वडिलांसाठी पाळावा. त्याला विज्ञानाचा शिक्का मात्र लावू नये.