शिल्पशाळेत कोण बसायचं? भोकरदन, सांची आणि हाताने शिकणारी मोठी माणसं

आजचा भाग हातांबद्दल आहे. हेडफोन लावून भांडी घासत ऐकत असाल, तर उत्तमच.

हल्ली शनिवार-रविवार आला की इन्स्टावर वर्कशॉपच्या पोस्ट सुरू होतात. पॉटरी, ब्लॉक प्रिंटिंग, वारली, विणकाम. तीन तास, एक एप्रन, चहा आणि घरी न्यायला एक वाकडा कप. येणारे सगळे मोठे, नोकरी करणारे. आणि घरचे विचारतात, "या वयात चिखलात खेळायला पैसे देतोस?" त्या प्रश्नामागे एक समजूत असते. कला शिकायची ती लहानपणी, आणि हाताचं काम करायचं ते ज्याच्या घरात चालत आलंय त्यानं. बाकीच्यांनी बघायचं आणि विकत घ्यायचं.

ही समजूत किती जुनी आहे? तिच्याआधी काय होतं? याचं उत्तर शोधायला आपण जालना जिल्ह्यात जाणार आहोत. हो, जालन्यातच. जालना म्हटलं की लोकांना सळई आठवते, बियाणं आठवतं, फार तर "जालना सोने का पालना" ही म्हण. कलाकुसर कुणाला आठवत नाही. पण याच जिल्ह्यात, केळना नदीच्या काठावर भोकरदन आहे.

भोगवर्धन नावाचं गाव

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात पैठणहून उत्तरेला उज्जैन आणि विदिशेकडे जाणारा जो व्यापारी मार्ग होता, त्याच्यावरचं हे भरभराटीचं गाव. 1973 साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठानं मिळून इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. जमिनीतून मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंताच्या वस्तू निघाल्या.

आता जरा इटलीत जाऊ. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई शहर राखेखाली गाडलं गेलं. 1938 साली तिथल्या एका घरात अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला साधारण 25 सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती बाई सापडली. गळ्यात हार, हातात भरपूर बांगड्या, पायात पोटरीपर्यंत वाळे, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं, म्हणून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या फर्निचरचा पाय असावी असं मानतात. "पॉम्पेईची लक्ष्मी" म्हणून ती प्रसिद्ध आहे, पण लक्ष्मी की यक्षी यावर अजून वाद आहे. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

आधी वाटायचं की ती मथुरेकडची. मग भोकरदनला तिच्यासारख्या मूर्ती मिळाल्या. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तशीच एक होती, ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी मग मांडलं की पॉम्पेईची बाई भोकरदनची असावी. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, त्यामुळे सगळ्यांना हे पटत नाही. पण एवढं नक्की की या पद्धतीचं काम करणारे हात आपल्या मराठवाड्यात होते.

ते काम काय होतं, ते जरा डोळ्यांसमोर आणा. हत्तीचा सुळा मुळाशी पोकळ असतो, टोकाकडे भरीव, आणि तो वाकडा असतो. त्यामुळे मूर्तीची उंची, रुंदी, कमरेचा बाक, सगळं सुळाच ठरवतो. करवत, छिन्नी, कानस, गिरमिट, शेवटी घासून झिलई. माल महागडा. मातीचा कप बिघडला तर गोळा करून पुन्हा चाकावर टाकता येतो, इथं एक कप्पा जास्त उडाला की उडाला. कंट्रोल झेड नाही. असं कसब पुस्तकातून येत नाही. ते काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी बसूनच येतं, तेही वर्षानुवर्षं.

मग प्रश्न असा की ही शेजारची जागा कुणाला मिळायची?

सांचीच्या तोरणावरची दोन वाक्यं

भोगवर्धनहून निघालेला रस्ता विदिशेला पोचतो, आणि विदिशेच्या जवळच सांची आहे. तिथल्या आणि भारहुतच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. म्हणजे आपल्या भोकरदनच्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी तिथं पैसे दिले आणि गावाचं नाव लिहून ठेवलं. सांचीच्या दानलेखांत बायकांची नावंही पुष्कळ आहेत.

पण मला थांबवतं ते दक्षिण तोरण. त्यावर दोन छोटे लेख आहेत.

पहिला सांगतो की हे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केलं. दंतकार म्हणजे हस्तिदंतावर काम करणारे. आणि तोरण कशाचं? दगडाचं! म्हणजे ज्यांचा हात सुळ्यावर बसलेला होता, अशा तयार कारागिरांनी एक अख्खं वेगळं माध्यम हाती घेतलं. छिन्नीचा कोन वेगळा, घावाचा जोर वेगळा, मापं कितीतरी मोठी. त्या तोरणाजवळ कधी गेलात तर बघा, दगडात हस्तिदंतासारखी बारीक नक्षी दिसते. जुना हात नव्या मालात उतरलाय. मोठेपणी शिकणं म्हणजे पाटी कोरी करणं नव्हे, हे तिथं दिसतं.

दुसऱ्या लेखात आनंद नावाचा माणूस भेटतो. तो वासिष्ठीचा मुलगा आणि राजा सातकर्णीच्या कारागिरांचा "आवेसनि". हा शब्द आवेशनवरून आला, आणि अमरकोशात आवेशनाचा अर्थ दिलाय शिल्पशाळा. सरळ मराठीत सांगायचं तर आनंद हा वर्कशॉपचा मुकादम. राजाच्या नावाशेजारी मुकादमाचं नाव, आणि तेही आईच्या नावासकट.

वर्कशॉप ही कल्पना इंग्रजांबरोबर आली असं ज्यांना वाटतं, त्यांना हा आनंद दाखवा.

बॉन्ड

या शिल्पशाळांमध्ये शिकण्याचे नियम काय होते? आपल्या स्मृतिग्रंथांत, याज्ञवल्क्य आणि नारद या दोन्हींत, अंतेवासी नावाच्या माणसाबद्दल नियम आहेत. अंतेवासी म्हणजे गुरूच्या घरी राहून कसब शिकणारा.

नारदस्मृतीचं म्हणणं थोडक्यात असं. ज्याला शिल्प शिकायचंय त्यानं नातलगांची परवानगी घ्यावी, किती काळ राहणार ते आधी ठरवावं आणि गुरूकडे राहावं. गुरूनं त्याला आपल्या घरी शिकवावं, जेवण द्यावं, मुलासारखं वागवावं आणि दुसऱ्या कामाला जुंपू नये. इथवर छान. पुढचं ऐका. शिष्य ठरलेल्या वेळेआधी तयार झाला, तरी त्यानं मुदत पूर्ण होईपर्यंत राहायचं, आणि तोवर त्याच्या कामाची कमाई गुरूची. नीट शिकवणाऱ्या गुरूला सोडून पळाला, तर जबरदस्तीनं परत आणता येतं आणि शिक्षाही होते.

आयटीत फ्रेशर म्हणून लागलेल्यांना हे वाचून हसू येईल. ट्रेनिंग देतो, कॅन्टीन आहे, पण इतकी वर्षं सोडायचं नाही. आपण त्याला बॉन्ड म्हणतो. फरक एवढाच की "दुसऱ्या कामाला जुंपू नये" हे कलम आपल्या ऑफर लेटरमध्ये कुणी टाकत नाही.

या कारागिरांच्या मागे त्यांच्या श्रेणी होत्या, म्हणजे संघटना. त्या किती भक्कम होत्या ते नाशिकच्या पांडवलेण्यांत लिहिलंय. नहपानाचा जावई उषवदात यानं गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3000 कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवली. 2000 वर महिना एक टक्का व्याज, 1000 वर पाऊण टक्का. त्या व्याजातून भिक्खूंची चीवरं आणि बाकी खर्च निघायचा. आज आपण बँकेत एफडी ठेवतो, तेव्हा राजघराणं विणकरांकडे ठेवत होतं.

आणखी एक उदाहरण. मंदसोरला, म्हणजे जुन्या दशपुरात, इ.स. 473 चा शिलालेख आहे. गुजरातेतल्या लाट देशातून आलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीचा. नव्या गावात आल्यावर काहींनी विणकाम चालू ठेवलं, काही धनुर्विद्येकडे वळले, काही कथा सांगण्याकडे, काही ज्योतिषाकडे. आजच्या भाषेत करिअर स्विच. त्या लेखात याची लाज नाही, कौतुक आहे.

दार बंद होतं

हे ऐकून "जुना काळ किती मोकळा होता" असा निष्कर्ष काढू नका. श्रेणी बऱ्याचदा वंशपरंपरेनंच चालत. आणि पुढे कसब जातीला घट्ट बांधलं गेलं. आपल्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे बलुतेदार. पिकातला वाटा घ्यायचा आणि पिढ्यानपिढ्या तेच काम करायचं. एकाला त्या कामातून बाहेर पडायला दार नाही, दुसऱ्याला आत यायला नाही. हात आणि डोकं वेगवेगळ्या घरांत राहायला गेले. "या वयात चिखल?" या प्रश्नाचं मूळ इथं आहे. चिखल हे "त्यांचं" काम ठरलं होतं.

भोकरदनची हस्तिदंताची कला तर पूर्ण संपली. आज हस्तिदंताचा व्यापार बेकायदा आहे, आणि तो तसाच असायला हवा. पण माल संपला तरी हात दुसऱ्या मालात उतरू शकतो, हे विदिशेच्या दंतकारांनी दाखवलं होतं. त्यासाठी शिकायची जागा उघडी लागते.

मगनवाडी

ती जागा मुद्दाम उघडण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला. 1934 साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जागा जमनालाल बजाजांनी दिली, नाव मगनवाडी. कारभार बघायला जे. सी. कुमारप्पा. हा माणूस लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. आणि तो येऊन काय करतो? तेलाची घाणी, हातकागद, मधमाशा, ताडगूळ, साबण.

मगनवाडीत शिकायला येणारे मोठे लोक होते. गावात जाऊन काम करायचं ठरवलेले तरुण कार्यकर्ते. त्यांना व्याख्यान देऊन पाठवायचं नाही, आधी स्वतः कागदाचा लगदा हलवायचा, घाणी चालवायची. 1938 च्या डिसेंबरात तिथं मगन संग्रहालय उघडलं, ते आजही वर्ध्यात आहे. शिकलेल्या माणसानं हात घाण करावेत, हे तिथं शिक्षणाचा भाग होतं.

पण याची दुसरी बाजू बाबासाहेबांनी 1945 च्या आपल्या ग्रंथात रोखठोक मांडली. वडिलोपार्जित धंद्याचं कौतुक करणारा गांधीवाद त्या धंद्यात अडकवलेल्या माणसाला काय देतो, हा त्यांचा सवाल होता. ज्याला बाहेर पडायचंय त्याला "तुझं काम किती थोर" असं सांगणं म्हणजे दाराला बाहेरून आणखी एक कडी लावणं. मला हा सवाल टाळता येत नाही. कुंभाराच्या मुलीनं कोडिंग शिकणं आणि कोडिंग करणाऱ्यानं चाकावर बसणं, या दोन्ही गोष्टी एकाच हक्काच्या आहेत. एक मान्य आणि दुसरी नाही, असं चालत नाही.

मग रविवारचं वर्कशॉप?

जा. जरूर जा. आपण तीन तासांत अंतेवासी होत नाही, हे माहीत ठेवून जा. पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा.

एक, शिकवणारं माणूस कोण? ज्यांच्या घरात हे काम आहे ते कारागीर समोर बसलेत, की फक्त त्यांची नक्षी आलीय? आनंदचं नाव राजाशेजारी कोरलं होतं, मग आपल्या पोस्टरवर कारागिराचं नाव का नसावं? आणि त्याला दिवसाचे किती मिळतात?

दोन, दुसऱ्या दिवशी परत येता येतं का? हात पहिल्या दिवशी फक्त गोंधळतो. शिकणं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुरू होतं. एकदाच येऊन फोटो काढायची जागा आणि पुन्हा पुन्हा येऊन बसायची जागा यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या जागेला मी शिल्पशाळा म्हणेन.

तीन, फी कुणाला परवडते? जालन्यात, भोकरदनला, परतूरला, अंबडला अशी जागा हवी असेल, तर ती पुण्याच्या दरानं चालणार नाही. पण तिला एसी लागत नाही. संध्याकाळी रिकामी असलेली शाळेची खोली, वाचनालयाचा हॉल, एक चाक, एक माग आणि आठवड्यातून दोनदा येणारं जाणतं माणूस, एवढ्यावर सुरुवात होते.

पॉम्पेईच्या त्या बाईच्या अंगावर मालकाचं नाव नाही, घडवणाऱ्याचंही नाही. पण तिच्या वाळ्यांवरची प्रत्येक रेघ कुणीतरी कुणाच्या तरी शेजारी बसून शिकलं होतं. ती शेजारची जागा तुमच्या गावात आहे का, कुणाला बसू देतात आणि कुणाला नाही, ते मला कळवा. आजीकडे गोधडीचा टाका असेल, शेजारी बुरडकाम जाणणारे काका असतील, तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. आधी त्यांची परवानगी घ्या, नाव कसं सांगायचं तेही विचारा. पुढच्या एखाद्या भागात आपण त्यांनाच बोलू देऊ.

तोवर हात चालू ठेवा. भेटूया.