पायाचं माप

वर्ध्याला चिकटून सिंदी (मेघे) आहे. आमची सिंदी ती सिंदी (रेल्वे). सेलू तालुक्यातली, वर्धा-नागपूर लोहमार्गावरची. बाहेरचा माणूस हिला तान्ह्या पोळ्यामुळे ओळखतो. पण या भागाचा इतिहास सांगायचा तर मला तो पायापासून सांगावासा वाटतो. इथल्या माणसाचा जन्म चालण्यात गेला, आणि चालायला जमीन तरी कशी! काळी कसदार जमीन पावसाळ्यात अशी धरते की चार पावलांत जोडा शेरभराचा होतो. मग जोडे हातात आणि पाय चिखलात. तीच जमीन उन्हाळ्यात भेगाळते. बरडावर गोटे, गोखरू आणि हिवराचे काटे. सेलू-हिंगणीच्या पलीकडे बोरच्या टेकड्या, तिथं साग, बांबू आणि नाल्यातले घसरडे दगड. आणि या सगळ्यांहून वाईट म्हणजे तुरीचं नाहीतर पऱ्हाटीचं धसकट. विळ्यानं तिरपं कापलेलं खुंट तळव्यात शिरलं की माणूस पंधरा दिवस वावराच्या कामातून गेला.

अशा जमिनीवर पायात काय घालावं, हा आमच्याकडे हौसेचा प्रश्न कधीच नव्हता.

१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली आणि तिच्या मागोमाग साहेब लोकांची ये-जा वाढली. मध्य प्रांताची जंगलं शिकारीसाठी नावाजलेली. राखीव जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत, परवाना काढून शिकारीला जायचं. हंगाम उन्हाळ्याचा, कारण पाणवठे आटले की जनावर नेमकं कुठं येणार ते कळतं. साहेबाच्या पायात घोट्याच्या वर जाणारे बूट, त्यावर पोटरीला गुंडाळलेल्या पट्ट्या. हे बूट पायाचं माप देऊन शिवलेले. लष्करी पद्धतीच्या बुटांच्या तळाला लोखंडी खिळेही असत.

पण चैत्र-वैशाखात सागाचं पान पापडासारखं वाजतं, आणि दगडावर खिळा तर त्याहून वाजतो. म्हणून जाणते शिकारी जनावरामागे पायी जाताना मऊ तळाचं पायताण पसंत करत. कुमाऊंच्या जिम कॉर्बेट यांच्या लेखनातही रबरी तळाच्या पातळ बुटांचा उल्लेख येतो. बूट पायाला घट्ट बसला तर फोड येतो, सैल बसला तर उतारावर पाय आत सरकतो आणि नेमक्या वेळी तोल जातो. रानात दोन्ही गोष्टी जिवावर बेतणाऱ्या.

मात्र शिकारीत सर्वांत जास्त चालायचे ते साहेब नव्हेत, हाकेवाले. गावोगावचे गोंड आणि इतर मजूर डबे, ढोल वाजवत काट्याकुट्यातून जनावर मचाणाकडे रेटायचे. वाघ उलटला तर पहिली गाठ त्यांच्याशी. त्यांच्यातले बहुतेक अनवाणी. शिकारीच्या जुन्या छायाचित्रांत मेलेल्या वाघामागे उभ्या असलेल्या माणसांचे पाय बघा. बूट कुणाच्या पायात आहेत आणि कुणाच्या नाहीत, यावरून त्या दिवशी रानात कोण कुठं उभं होतं ते ओळखता येतं.

गावच्या शेतकऱ्याच्या पायात असायचा तो गावातच घडलेला चामडी जोडा. जनावर मेलं की कातडं निघायचं. चुन्याच्या पाण्यात ठेवून त्याचे केस काढायचे. मग त्याचीच पिशवी शिवून ती टांगायची आणि तिच्यात बाभळीच्या सालीचं, हिरड्याचं पाणी पुन्हा पुन्हा भरायचं. थेंब थेंब झिरपत ते पाणी कातड्यात मुरायचं. या सगळ्याला आठवडेच्या आठवडे लागायचे. मग रापी, आरी आणि मेण लावलेला दोरा.

माप घ्यायची रीत साधी होती. पाय जमिनीवर ठेवून उभं राहायचं; कारण बसलेल्या माणसाचा पाय आणि अंगाचा भार पेलणारा पाय यांत फरक पडतो, भारानं पाय पसरतो. लांबी दोऱ्यानं, पंजाची रुंदी वेगळी. डावा-उजवा दोन्ही मोजायचे, कारण दोन्ही पाय तंतोतंत सारखे क्वचितच असतात. नवा जोडा दगडासारखा कडक. त्याला तेल पाजायचं आणि आधी घराच्या अंगणात, मग गावात, मग वावरात असा तो पायाच्या ओळखीचा करायचा. नव्या जोड्यानं थेट रानात जाणाऱ्याला म्हातारे हटकायचे, “काहून रे बाप्पा, जोडा पायाले ओळखते का अजून?”

याच रिवाजाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. ज्या हातांनी कातडं कमावलं, जोडा शिवला, त्या हातांच्या धन्याला तो घालून गावातून चालायची मुभा नसायची. पाटलाच्या वाड्यापुढून जाताना अस्पृश्य मानलेल्या माणसानं जोडे काढून हातात घ्यायचे, हा रिवाज महाराष्ट्रात कित्येक गावांनी पाळला. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण माणसांना उद्देशून वापरली गेली, हे तिच्याहून वाईट. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनंतर सूट-बूट घातलेला बाबासाहेबांचा पुतळा गावोगाव उभा राहिला. त्यातल्या बुटाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

याच जिल्ह्यात, वर्ध्याजवळच्या नालवाडीत, १९३० नंतरच्या दशकात चामड्याच्या कामाला नवं वळण मिळालं. विनोबा तेव्हा नालवाडीला राहत होते. गोपाळराव वाळुंजकरांनी तिथं चर्मालय चालवलं. कत्तलीचं नव्हे, आपोआप मेलेल्या जनावराचं कातडं तिथं कमावलं जाई. या कामाला शास्त्र आहे, आणि ते कोणत्याही जातीच्या माणसानं करावं, हा त्यामागचा आग्रह. गांधीजींचा या धंद्याशी संबंध त्याहून जुना. दक्षिण आफ्रिकेत हर्मन कॅलनबाख मारियनहिलच्या ख्रिस्ती मठात चपला शिवायला शिकले आणि टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी त्यांच्याकडून शिकले. तुरुंगात असताना त्यांनी शिवलेला चपलांचा जोड जनरल स्मट्स यांना भेट गेला. १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तरीला स्मट्स यांनी तो परत पाठवला. आपण तो कित्येक उन्हाळे वापरला, पण एवढ्या मोठ्या माणसाच्या चपलांत उभं राहण्याची आपली योग्यता नाही, असं त्यांनी लिहिलं.

मग आला ‘नंबर’. बाटानं भारतात १९३१ साली काम सुरू केलं, आणि हळूहळू तयार बूट-चपला तालुक्याच्या दुकानांत आल्या. इंग्रजी पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे मुळात जवाच्या एका दाण्याची लांबी. आपल्याकडंही आठ यवांचं एक अंगुल असा जुना हिशेब आहे. दाणा दोन्हीकडं तोच. पण नंबर पायाची लांबी सांगतो, रुंदी सांगत नाही. जन्मभर अनवाणी चाललेल्या माणसाचा पंजा रुंद होतो, बोटं पसरतात. सातचा पाय सातच्या बुटात शिरत नाही. मग दुकानदार आठचा देतो. रुंदी बसते, पण टाच मागे सुटते आणि प्रत्येक पावलाला घासते. कितीतरी शेतकऱ्यांनी ‘आपल्याले बूट मानवत नाही’ म्हणून बुटाचा नाद कायमचा सोडला. पायात खोट नव्हती. बूट ज्या साच्यावर बनला, तो साचा दुसऱ्या कुणाच्या पायाचा होता.

त्यांना मानवली ती टायरची चप्पल. जुन्या टायरचा तळ, ट्यूबचे नाहीतर टायरचेच पट्टे. आठवडी बाजारात समोर बसून, पाय टायरच्या तुकड्यावर ठेवून कापून मिळायची. धसकटाला दाद देत नाही, वर्षानुवर्षं झिजत नाही. गावचा जोडा शिवणारा गेला, पण पाय ठेवून माप घेण्याची त्याची रीत अशी आणखी काही वर्षं टिकली.

१९७० मध्ये बोर अभयारण्य झालं, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, २०१४ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प झाला. शिकारीचे बूट इतिहासजमा झाले, आणि ते बरंच झालं. पण रात्रीचं चालणं संपलं नाही. रानडुकरं आणि रोही पीक खातात म्हणून शेतकरी जागलीला जातो. त्याच्या पायाखाली आता वाघापेक्षा घोणस आणि मण्यार जास्त. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत खेड्यातली माणसं जास्त, आणि दंश बहुतेक वेळा पायालाच. म्हणून गमबूट हे आज आमच्या भागातलं खरं रानाचं पायताण.

तोही निवडायचा तर जुनीच रीत धरावी. दुकानात संध्याकाळी जावं. दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजलेला असतो, रानात तो तसाच असणार. घालायचे ते जाड मोजे घालूनच पाहावा. दोन्ही पाय घालून, उभं राहून बघावं, आणि मोठ्या पायाचं माप खरं मानावं. बोटांपुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. चालताना टाच उचलली जाऊ नये. उतारावर बोटं पुढं आदळतात का, ते दुकानाच्या पायरीवरून उतरून कळतं. आणि बूट घालण्याआधी दर वेळी उलटा करून झटकावा, विंचवाला ओलसर अंधार आवडतो.

एक गोष्ट मात्र अजून राहिलीच आहे. निंदण करते, कापूस वेचते ती बाई. गवतात हात आणि पाय दोन्ही घालून दिवसभर वाकलेली असते ती. तिच्या मापाचा गमबूट बाजारात मागून पाहा. दुकानदार पुरुषांच्या ढिगातला सर्वांत लहान नंबर शोधायला लागतो. तो तिला लांबीला मोठा, पोटरीला ढगळ. दोन तास वागवून ती काढून बांधावर ठेवते आणि अनवाणी तासात शिरते. साहेबाच्या पायाचं माप घेतलं गेलं, शिपायाच्या पायाचं घेतलं गेलं, उशिरा का होईना शेतकऱ्याच्याही पायाला नंबर मिळाला. तिच्या पायाला दोरा लावून पाहायचं अजून बाकी आहे.