आर्मेनियनांची कत्तल आणि आपले वाचन

वंशसंहाराचा विषय निघाला की आपण बोस्नियापासून सुरुवात करतो. स्रेब्रेनिका, जुलै १९९५, आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे. ते वाचायलाच हवे. पण राफेल लेमकिन या ज्यू वकिलाने १९४४ साली ‘जेनोसाइड’ हा शब्द रूढ केला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आर्मेनियनांची कत्तलही होती. ती उस्मानी सरकारने केली होती.

२४ एप्रिल १९१५ रोजी इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक, संपादक, पुढारी यांची धरपकड झाली. पुढे गावेच्या गावे सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलली गेली. पुरुषांना बहुतेक ठिकाणी आधीच मारले. बायका-मुले वाटेत उपासमारीने, रोगराईने, हल्ल्यांत मेली. मृतांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात.

आमच्या वाचन मंडळात हा विषय घेतला तेव्हा एका तरुणाने विचारले, “सर, हे आताच कशाला? उद्या हेच आपल्याविरुद्ध वापरतील.” त्याची भीती खोटी नव्हती. दुसरा म्हणाला, आर्मेनियन रशियाला सामील होते, युद्धात दोन्हीकडचे मेले. तुर्कस्तानचे सरकार आजही साधारण हेच सांगते. काही आर्मेनियन रशियाच्या बाजूने लढले, हे खरेच आहे. मग रशियन आघाडीपासून शेकडो मैल दूर असलेल्या बुर्सा आणि अंकाऱ्याची कुटुंबे का हाकलली? नकाशा टेबलावर पसरला, तेव्हा खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

खिलाफत चळवळीचा आपल्याला अभिमान आहे. भायखळ्याचे खिलाफत हाऊस आजही उभे आहे. त्या जिव्हाळ्यापोटी आपण तलत पाशाचे वकीलपत्र घेतो. (त्याला तर खिलाफतीपेक्षा तुर्की राष्ट्रवाद अधिक प्यारा होता, पण ते असो.) १९१९ मध्ये खुद्द इस्तंबूलच्या उस्मानी लष्करी न्यायालयाने त्याला गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. म्हणजे हा आरोप केवळ पाश्चात्त्यांचा नाही.

आणि नकार देणारे मुसलमानही होते. हलबचे गव्हर्नर जलाल बे यांनी हद्दपारीला विरोध केला, त्यांची कोन्याला बदली झाली. तिथेही त्यांनी जमेल तितक्यांना थोपवून धरले. शेवटी पदच गेले. मक्केच्या शरीफ हुसेन यांनी आर्मेनियन निर्वासितांना सांभाळा, असे आपल्या माणसांना लेखी कळवले. दियारबकीरजवळच्या लिजे तालुक्याचे अधिकारी हुसेन नेसिमी यांनी कत्तलीचा हुकूम मानला नाही. त्यांना बोलावणे धाडून वाटेतच ठार केले गेले.

त्या तरुणाने वहीत नेसिमींचे नाव लिहून घेतले आणि विचारले, “यांच्यावर मराठीत काही आहे का?” माझ्याकडे द्यायला काही नव्हते.