औषध देणारा आणि त्याचा मान : वऱ्हाडातील दीड शतक

वऱ्हाडात, विशेषतः अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत, औषध देणाऱ्या माणसाविषयीची लोकभावना गेल्या दीड शतकात विलक्षण रीतीने पालटली. त्याचे शिक्षण, परवाना आणि कायदेशीर जबाबदारी जसजशी वाढत गेली, तसतसा त्याचा सामाजिक मान मात्र ओसरत गेला.

इंग्रजी अंमलापूर्वी औषध सांगणारा आणि औषध तयार करणारा अशी दोन वेगळी माणसे मानण्याची येथे फारशी गरज नव्हती. वैद्य स्वतःच काढे, चूर्णे आणि भस्मे सिद्ध करीत. अचलपूर आणि बाळापूर यांसारख्या जुन्या मुसलमानी सत्ताकेंद्रांत युनानी हकिमांची परंपरा होती. मेळघाटातील कोरकू वस्त्यांत भूमका, म्हणजे पूजाविधी आणि उपचार दोन्ही करणारा गावचा जाणता, हाच आधार असे. निजामाने १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिल्यावर, आणि १८६०च्या दशकात कापसापाठोपाठ रेल्वे आल्यावर, जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल सर्जन आणि मोठ्या गावांत सरकारी दवाखाने दिसू लागले. त्या दवाखान्यांबरोबर एक नवा माणूस आला, तो कंपाउंडर.

कंपाउंडर म्हणजे डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेल्या घटकांपासून प्रत्यक्ष औषध बनवणारा मदतनीस. तो तराजूत क्षार तोली, खलात पूड घोटी, अर्क पाण्यात मिसळून मिक्श्चर करी, ते रोग्याने घरून आणलेल्या बाटलीत ओती आणि एकेक मात्रा कळावी म्हणून बाटलीवर खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवी. हे सारे रोग्याच्या डोळ्यांदेखत होई, आणि वऱ्हाडातील कंपाउंडरच्या प्रतिष्ठेचे मूळ याच दृश्य श्रमात होते असे म्हणावे लागते. डॉक्टर अनेकदा परगावचा, घाईचा आणि नागर भाषेत बोलणारा. कंपाउंडर मात्र वऱ्हाडी बोलणारा, घरची स्थिती जाणणारा, पथ्य समजावून सांगणारा आणि जखमही बांधून देणारा. प्लेगच्या साथींत, तसेच १९१८च्या इन्फ्लुएंझात, ज्यात मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक ठरला, डॉक्टरांची संख्या इतकी अपुरी होती की अशा मदतनिसांवरचा लोकांचा भरवसा अपरिहार्यच होता. या भरवशाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे: कंपाउंडरच्या ज्ञानाला सर्वत्र लागू असा किमान दर्जा नव्हता, आणि दवाखान्यात काही वर्षे काढून खेड्यात स्वतंत्रपणे 'डॉक्टरी' करणाऱ्यांना रोखणारे फारसे कोणी नव्हते.

देशभरातील हीच अव्यवस्था कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३०-३१मध्ये मांडली. भेसळयुक्त आणि कमअस्सल औषधे बाजारात खुलेआम विकली जात होती आणि औषधनिर्मात्याचा व्यवसाय कोणत्याही कायद्याच्या चौकटीत नव्हता. त्यातून १९४०चा औषध कायदा आणि १९४८चा फार्मसी कायदा आला. दुसऱ्या कायद्याने नोंदणीकृत औषधनिर्माता, म्हणजे शासनमान्य नोंदवहीत नाव असलेला आणि औषध देण्याचा अधिकार असलेला व्यावसायिक, ही ओळख निर्माण केली. पहिल्या नोंदवहीत पाच वर्षांचा अनुभव असलेल्या कंपाउंडरांनाही स्थान दिले गेले. ही तरतूद उदार आणि शहाणपणाची होती, कारण तिने जुने हस्तकौशल्य एका फटक्यात बेकायदा ठरवले नाही.

तथापि त्याच काळात औषध बनवण्याचे काम कारखान्यांकडे गेले. गोळ्यांची पाकिटे तयार येऊ लागली, खल आणि तराजू अडगळीत पडले, आणि रोग्याला समोर दिसू लागला तो फक्त पाकीट काढून देणारा दुकानदार. अमरावतीत शासकीय आणि खासगी औषधनिर्माण महाविद्यालये उभी राहिली, दोन वर्षांची पदविका आणि चार वर्षांची पदवी घेतलेले तरुण बाहेर पडू लागले; पण लोकांच्या लेखी ते 'मेडिकलवाले'च राहिले. या समजुतीला व्यवसायानेही खतपाणी घातले. भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र आणि गल्ल्यावर दुसराच माणूस, ही परवाना भाड्याने देण्याची प्रथा महाराष्ट्रभर फोफावली होती. २०१२च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी दुकानात औषधनिर्माता हजर असलाच पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी आंदोलने केली. ज्या तरतुदीमुळे विक्रेत्याचा व्यावसायिक दर्जा उंचावला असता, तिलाच त्यांनी विरोध करावा, ही या इतिहासातील सर्वांत खेदाची घटना होय.

तरीही लोकांनी औषध दुकानदाराला विचारणे सोडले नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल अमरावती आणि अकोल्यालाच आधी लागली व तेथे पुन्हा टाळेबंदी झाली, तेव्हाही औषध दुकाने उघडी राहिली. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी रोग्याला औषधाविषयी समुपदेशन करणे, म्हणजे मात्रा, वेळ, दुष्परिणाम आणि पथ्य नीट समजावणे, हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरवले आहे. जुना कंपाउंडर बाटली हाती देताना हेच करीत असे. मात्र अशा समुपदेशनाला आडोसा हवा, आणि किरकोळ औषध दुकानाला नियमांनुसार किमान १० चौरस मीटर जागा लागते. तेवढ्याच जागेत कपाटे, शीतकपाट आणि गल्ला मांडावा लागत असल्याने स्त्रीला किंवा क्षयरोग्याला चार माणसांच्या कानाआड बोलता येईल असा कोपरा लहान गावांतील दुकानांत अजूनही क्वचितच आढळतो.