फोटोतल्या घरात कोण राहतं?

आई-बाबा पहिल्यांदा इकडे आले की त्यांना कुठे कुठे न्यायचं, याची बे एरियातल्या प्रत्येक मराठी पोराकडे एक ठरलेली यादी असते. गोल्डन गेट ब्रिज, वाकडातिकडा लोम्बार्ड स्ट्रीट, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या अलामो स्क्वेअरसमोरची ती रंगीत लाकडी घरं. आम्हीही गेलो. उतारावर एकमेकांना खेटून उभी असलेली सात घरं, मागे डाउनटाउनच्या उंच इमारती. 'फुल हाउस' नावाच्या जुन्या सिरियलच्या टायटल्समध्ये दिसतात ती हीच. बाबांनी पंधरा-वीस फोटो काढले. आई मात्र बाकावर बसून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, पण यात राहतं कोण?"

"असतील कोणीतरी श्रीमंत लोक," मी म्हटलं.

"आत्ताचं नाही रे विचारत. आधी कोण राहायचं?"

चारेक वर्षं इथे राहतोय, पाहुण्यांना घेऊन किमान सहा वेळा तिथे गेलोय, पण उत्तर काही देता आलं नाही. मग दोन-तीन वीकेंड याच वाचनात गेले. त्यातून हाती लागलं ते असं.

सगळ्यात आधी नावाची गंमत. या घरांना 'व्हिक्टोरियन' म्हणतात, पण व्हिक्टोरिया राणीचं राज्य कॅलिफोर्नियावर कधीच नव्हतं. तिची कारकीर्द १८३७ ते १९०१, आणि कॅलिफोर्निया १८५० मध्ये अमेरिकेचं राज्य झालं. नाव फक्त काळाचं. सोन्याच्या शोधात आलेल्यांनी शहर फुगलं, ते पश्चिमेकडे वाढवायचं ठरलं, आणि त्या नव्या भागाला सरळ 'वेस्टर्न ॲडिशन' म्हणजे 'पश्चिमेची भर' असं नाव दिलं. १८७३ पासून केबल कार धावायला लागली आणि टेकड्यांवरचे प्लॉट विकणं सोपं झालं.

प्लॉट साधारण २५ फूट रुंद. उत्तरेच्या जंगलांतून रेडवूडचं लाकूड हवं तेवढं यायचं. खांब, नक्षी, झालरी गिरणीत मशिनवर तयार व्हायच्या; मालकाने नमुने पाहून निवडायचं. एकट्या 'द रिअल इस्टेट असोसिएट्स' या कंपनीने १८७० च्या दशकात हजारावर घरं बांधली. सपाट माथ्याचं इटालियनेट, उभ्या-आडव्या पट्ट्यांचं स्टिक, उतरतं छप्पर आणि बुरूजवालं क्वीन ॲन, अशा फॅशनी दर दशकाला बदलत गेल्या. आतला आराखडा बराचसा तोच, वरची स्किन वेगळी! आपल्या भाषेत सांगायचं तर कोड कॉपी-पेस्ट, फक्त थीम बदलली.

अलामो स्क्वेअरसमोरची घरंही अशीच. मॅथ्यू कॅव्हनॉ नावाच्या बिल्डरने ती १८९२ ते १८९६ मध्ये बांधली आणि स्वतः शेवटच्या, ७२२ नंबरच्या घरात राहिला. स्वतःच्याच स्कीममध्ये राहणारा बिल्डर हल्ली शोधून सापडणार नाही. सांगायचा मुद्दा हा की आज आपण ज्याला हेरिटेज म्हणतो, ती तेव्हाच्या मध्यमवर्गासाठी काढलेली हाउसिंग स्कीम होती.

मग १८ एप्रिल १९०६ उजाडला. पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला, आणि त्यानंतरच्या आगीने तीन दिवसांत शहर खाल्लं. सुमारे २८ हजार इमारती गेल्या. व्हॅन नेस हा रुंद रस्ता, तिथे सुरुंग लावून घरं उडवली आणि पश्चिमेकडे सरकणारी आग मुख्यतः त्याच रस्त्यावर अडवली. वेस्टर्न ॲडिशन रस्त्याच्या पलीकडे, म्हणून वाचलं. जळालेल्या शहराचा बाजार काही काळ तिथल्याच फिलमोर स्ट्रीटवर भरू लागला, आणि एकेका घराचे तुकडे पडून दोन-तीन बिऱ्हाडं राहायला लागली.

आईच्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं. श्रीमंत लोक नव्या भागांत सरकले आणि जुन्या घरांत भाडेकरू आले. जपानी कुटुंबं याच भागात स्थिरावली. आजचं जपानटाउन ते हेच. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला आणि शहरातल्या पाच हजारांवर जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेऊन कोंडलं. रिकाम्या झालेल्या खोल्यांत युद्धकाळात गोद्यांमध्ये कामाला आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला आली. बाकी बहुतेक शहर त्यांना घर द्यायला तयारच नव्हतं. १९४० मध्ये शहरात पाच हजारांहून कमी कृष्णवर्णीय होते, १९५० मध्ये ४३ हजारांवर. फिलमोरमध्ये जॅझचे क्लब उभे राहिले. बिली हॉलिडे, लुई आर्मस्ट्राँग, जॉन कोल्ट्रेन अशी माणसं इथे येऊन वाजवून-गाऊन गेली.

घरांवर मात्र करडा रंग चढला होता, कुठे नक्षी तासून वर प्लास्टर मारलं होतं. पालिकेच्या कागदावर या भागाला एकच शब्द होता: बकाल. १९५६ मध्ये पुनर्विकासाचा पहिला टप्पा मंजूर झाला, गिअरी स्ट्रीट रुंद करायला घेतला आणि मधली घरं पाडली. १९६० च्या दशकात दुसरा, त्याहून मोठा टप्पा. जस्टिन हर्मन नावाचे अधिकारी १९५९ पासून पुनर्विकास संस्थेचे प्रमुख होते. लोक कोर्टात गेले, डिसेंबर १९६८ मध्ये फेडरल कोर्टाकडून मनाईसुद्धा मिळवली, पण ती फार टिकली नाही. दुसऱ्या टप्प्याचा नेहमी दिला जाणारा हिशोब असा: ८८३ धंदे बंद, ४,७२९ कुटुंबं बाहेर, अडीच हजारांच्या आसपास व्हिक्टोरियन घरं जमीनदोस्त. जाणाऱ्यांना 'परत येताना तुम्हाला आधी घर' असं सर्टिफिकेट दिलं होतं. बऱ्याच जागा वर्षानुवर्षं मोकळ्याच राहिल्या आणि सर्टिफिकेट घेतलेले बहुतेक लोक कधीच परतले नाहीत.

गंमत म्हणा की दैव, याच काळात शहराला या घरांचा लळा लागला. १९६३ मध्ये बुच कार्डम नावाच्या कलाकाराने आपल्या घराला गडद निळे-हिरवे रंग दिले, शेजारपाजारचे हसले आणि मग त्यांनीही ब्रश घेतले. १९७१ मध्ये वारसा जपणारी संस्था निघाली. तिने पुनर्विकास संस्थेला पटवून पाडायला ठेवलेली बारा घरं अख्खीच्या अख्खी उचलून दुसरीकडे नेली. १९७४ साली ट्रकवरून निघालेल्या घरांचे फोटो बघण्यासारखे आहेत. १९७८ मध्ये 'पेंटेड लेडीज' नावाचं पुस्तक आलं आणि तेच नाव घरांना चिकटलं.

घर उचलून नेता येतं. माणसांचं काय?

पोस्ट स्ट्रीटवर १६९० नंबरचं एक व्हिक्टोरियन घर होतं. खाली एका जपानी माणसाचं औषधांचं दुकान. १९४२ मध्ये तो छावणीत गेला. १९५० मध्ये तिथे 'जिम्बोज बॉप सिटी' हा जॅझ क्लब सुरू झाला, तो १९६५ पर्यंत चालला. मग पुनर्विकास आला. हे घर वाचलं, उचलून फिलमोर स्ट्रीटवर नेऊन ठेवलं, आणि १९८१ पासून तिथे 'मार्कस बुक्स' हे कृष्णवर्णीयांच्या पुस्तकांचं दुकान होतं. २०१४ मध्ये शहराने त्या वास्तूला अधिकृत लँडमार्कचा दर्जा दिला. आणि त्याच २०१४ मध्ये दुकानाला ती जागा सोडावी लागली!

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि जरा वेळ नुसता बसून राहिलो. एकाच घरातून तीन वेळा माणसं गेली. भिंती मात्र जपल्या.

दोष फक्त त्या शहराला कशाला द्या? सदाशिव पेठेतला आमचा वाडा मी सहावीत असताना पडला. घरात अजून हळहळतात ती चौकातल्या कोरीव खांबांसाठी. आम्हाला फ्लॅट मिळाला, खांबांपैकी एक बाबांनी हौसेने हॉलमध्ये उभा केलाय. पण जिन्याखालच्या खोलीत एक कुटुंब राहायचं, पोटभाडेकरू, कागदावर नाव नाही. बिल्डरच्या यादीत ते नव्हतंच. त्यांचा मुलगा माझ्याबरोबर गोट्या खेळायचा.

परवा आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या जिन्याखालच्या वहिनी कुठे गेल्या रे? आपण कधी विचारलंच नाही."

जुनी घरं जपू नयेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. ती सात घरं पडली असती तर मला वाईटच वाटलं असतं. फक्त 'वारसा' म्हणताना आपण लाकूड मोजतो, बिऱ्हाडं मोजत नाही. २०१७ मध्ये शहराने एका चौकाला दिलेलं जस्टिन हर्मन यांचं नाव काढून टाकायचं ठरवलं. बरं झालं, पण त्याने कोणाची खोली परत आली नाही.

असो. पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन गेलात तर फोटो जरूर काढा, पण मग उत्तरेला पंधरा-वीस मिनिटं चालत गिअरीपर्यंत जा. रुंद रस्ता लागेल, गाड्या सुसाट खालून जाताना दिसतील. फोटोसारखं तिथे काही नाही. इथेही अशीच घरं होती, एवढं मात्र पाहुण्यांना सांगा.